पुढच्या वर्षी नक्की

"लिवून ठेवल्यानं काय होते?" बकेट लिस्टचा विषय निघाला की वऱ्हाडात हा प्रश्न ठरलेला. विचारणाऱ्याकडे त्यामागचा हिशेबही तयार असतो. ज्याला करायचं असतं तो कागद न काढता करून मोकळा होतो आणि ज्याला करायचं नसतं त्याच्या यादीला वाळवी लागते. शिवाय ही टूम सिनेमातून आलेली. २००७ साली हॉलिवूडमध्ये दोन आजारी म्हाताऱ्यांवर त्या नावाचा चित्रपट निघाला, २०१८ साली माधुरी दीक्षितनं त्याच नावाचा मराठी चित्रपट केला आणि मरण्याआधी करायच्या गोष्टींची यादी हा घरोघरच्या गप्पांचा विषय झाला. त्यामुळे यादी म्हटलं की डोळ्यांसमोर विमानातून उडी मारणारा, समुद्रात डुबकी घेणारा कोणी सुखवस्तू माणूस येतो. तिवसा तालुक्यातला, सोयाबीनचा भाव काय निघतो याची वाट पाहणारा माणूस काही येत नाही. या प्रकरणात हा प्रश्न गंभीरपणे घ्यायचा आहे. उत्तराचा गाभा आधीच सांगून ठेवतो. आपण काय काय पुढे ढकलतो आहोत हे डोळ्यांना दिसू लागतं, हा यादीचा पहिला आणि मोठा फायदा. यादी पूर्ण होणं ही त्यानंतरची गोष्ट, आणि ती अर्धवट राहिली तरी पहिला फायदा पदरात पडलेलाच असतो.

१. वेळ भरपूर असला की काम होत नाही

माणूस कंटाळवाणी कामं पुढे ढकलतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. लाइट बिल शेवटच्या दिवशी भरलं जातं, सात-बारातली दुरुस्ती वर्षानुवर्षं रेंगाळते. पण आनंदाच्या गोष्टीही आपण तितक्याच सहजपणे पुढे ढकलतो. सुझान शू आणि आयलेट ग्नीझी या दोन अमेरिकी संशोधक महिलांनी २०१० साली यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना चांगल्या दुकानात केक आणि पेय फुकट मिळेल असं कूपन दिलं. काहींच्या कूपनाला तीन आठवड्यांची मुदत होती, काहींच्या कूपनाला दोन महिन्यांची. दोन महिनेवाल्यांना आपण जाणारच अशी खात्री जास्त होती. प्रत्यक्षात तीन आठवडेवाल्यांपैकी ३१ टक्के लोक गेले आणि दोन महिनेवाल्यांपैकी फक्त ६ टक्के. ज्यांच्याकडे वेळ अधिक, त्यांच्याच हातून संधी गेली, कारण त्यांच्यासाठी आजचा दिवस कधीच शेवटचा नव्हता. याच संशोधकांनी मोठ्या शहरांतल्या रहिवाशांकडेही पाहिलं. वर्षभर तिथं राहणाऱ्यांपेक्षा दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्यांनी शहरातली प्रसिद्ध ठिकाणं जास्त पाहिलेली होती. शहर सोडून जायची वेळ आली की तेच रहिवासी घाईघाईनं ती ठिकाणं पाहून घेत.

हे समजायला परदेशात जायची गरज नाही. रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं कौंडण्यपूर आणि तुकडोजी महाराजांच्या आश्रमाची गुरुकुंज मोझरी ही दोन्ही ठिकाणं एकाच तिवसा तालुक्यात आहेत. बाहेरून आलेला माणूस एका दिवसात दोन्ही ठिकाणं करून जातो. जवळच्या माणसाचं 'कधीही जाता येते' असं असतं, आणि त्या 'कधीही'ला तारीख नसते. गाविलगडाचा बुरूज, मेळघाटातली पावसाळ्यानंतरची वाट, थकलेल्या मावशीला तिच्या माहेरच्या गावी एकदा फिरवून आणणं, या सगळ्या गोष्टी अवघड म्हणून राहत नाहीत, सोप्या म्हणून राहतात.

राहिलेल्या गोष्टींचं पुढे काय होतं यावर थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९०च्या दशकात काम केलं. गेल्या आठवड्याविषयी विचारलं तर माणसं केलेल्या चुकीबद्दल हळहळतात. सगळ्या आयुष्याविषयी विचारलं तर न केलेल्या गोष्टींची हळहळ वर येते. याचं कारण समजण्यासारखं आहे. केलेली चूक माणूस निस्तरतो, माफी मागतो, निदान 'त्यातून शिकलो' असं म्हणून तिच्याशी तडजोड करतो. न केलेल्या गोष्टीत निस्तरण्यासारखं काहीच नसतं. त्या वेळी आड आलेल्या अडचणी, म्हणजे पैसा, भीती, लोक काय म्हणतील हा विचार, वर्षांबरोबर फिक्या होत जातात, आणि 'तेव्हा शिकायला गेलो असतो तर' हे वाक्य मात्र अर्धंच राहतं. यादी ही हळहळ पुसू शकत नाही, पण तिची चाहूल वीस वर्षं आधी देते.

२. डोक्यातली यादी आणि कागदावरची यादी

इथे आक्षेप येतो, की इच्छा तर डोक्यात असतातच, त्या लिहिल्यानं काय बदलतं? ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली मांडलं, की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम मनात जास्त रेंगाळतं. पुढच्या सगळ्याच चाचण्यांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, म्हणून त्यावर फार भार टाकायला नको. २०११ सालचा मॅसिकँपो आणि बॉमाइस्टर यांचा अभ्यास जास्त कामाचा आहे. अपुऱ्या राहिलेल्या कामाची आठवण करून दिलेल्या माणसांचं दुसऱ्या कामात लक्ष लागत नव्हतं, वाचताना मन भटकत होतं. मग काहींना त्या अपुऱ्या कामाचा नेमका बेत आखायला सांगितलं. बेत लिहून होताच मनाची ती कुरकुर थांबली, काम तसूभरही पुढे सरकलेलं नसताना. याचा अर्थ मनाला काम संपल्याची पावती लागत नाही. ते कधी आणि कसं होणार हे ठरलं तरी मन निवांत होतं.

यातून चांगल्या आणि वाईट यादीतला फरक कळतो. 'आईला एकदा पंढरपूर दाखवायचं' ही इच्छा झाली. 'हरभरा घरी आला की त्याच आठवड्यात आईला पंढरपूरला नेणार, पहिला मुक्काम धाकट्या बहिणीकडे' हा बेत झाला. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 'असं झालं की मी असं करीन' या धाटणीच्या बेतांवर अनेक वर्षं संशोधन केलं. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा असा बेत तडीस जाण्याची शक्यता लक्षणीय वाढलेली दिसली. यात इच्छाशक्तीचा चमत्कार नाही. ठरवण्याचं काम आधीच झालेलं असतं, म्हणून हरभरा घरी आला की 'आता काय करायचं' यावर नव्यानं चर्चा होत नाही. शेतीवर चालणाऱ्या घराला हे फार सोयीचं आहे. नोकरदाराची सुट्टी कॅलेंडरवर असते. शेतकऱ्याची सवड पिकावर असते, आणि 'हरभरा निघाला की' ही खूण २५ मार्च या तारखेपेक्षा जास्त भरवशाची ठरते.

एका भाकडकथेपासूनही सावध राहायला हवं. येल विद्यापीठाच्या १९५३ सालच्या वर्गात फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून काढली होती आणि वीस वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त निघाली, असं प्रेरणादायी भाषणांत छातीठोकपणे सांगितलं जातं. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. लिहिल्यानं माणूस श्रीमंत होतो याला पुरावा नाही. लिहिल्यानं मन मोकळं होतं आणि बेत ठरला तर कृतीची शक्यता वाढते, एवढं म्हणायला पुरावा आहे, आणि यादीची बाजू मांडायला तेवढा पुरेसा आहे.

३. किती ओळी मावतात?

अमेरिकेच्या जॉन गोडार्ड या मुलानं पंधराव्या वर्षी १२७ गोष्टींची यादी केली आणि पुढे प्रवासी म्हणून नाव कमावून तिच्यातल्या बऱ्याचशा पुऱ्या केल्या. तेव्हापासून शंभर-सव्वाशे ओळींची यादी हा जणू शिरस्ता झाला आहे. या शिरस्त्यानं यादीचं नुकसान केलं असं मला वाटतं. एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या शेतकऱ्याचं वय ४५ आहे आणि अंगमेहनतीच्या, प्रवासाच्या गोष्टी त्याला ६५ पर्यंत झेपतील. रब्बी आटोपल्यापासून मृग लागेपर्यंतच्या काळात त्याला दरवर्षी एकदा मोठी सवड मिळते. म्हणजे वीस सवडी. त्यातल्या चार-पाच घरातल्या आणि भावकीतल्या लग्नांत जातील, दोन-तीन दुखण्या-खुपण्यात, आणि एक-दोन वर्षं अशी येतील की पावसानं हात दिलेला नसेल आणि घरातून निघायचं मनच होणार नाही. उरल्या दहा ते तेरा. वीस वर्षांचं आयुष्य समोर आहे असं वाटत असताना मोठ्या बेतांच्या जागा प्रत्यक्षात डझनभरच आहेत. 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणताना आपण त्यातली एक खर्च करतो. हा आकडा ज्यानं एकदा कागदावर पाहिला, त्याला ते वाक्य पूर्वीइतक्या सहज म्हणता येत नाही.

जागा डझनभर आणि इच्छा शंभर, म्हणजे निवड आली. वरुड-मोर्शीच्या संत्राबागायतदाराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आंबिया आणि मृग हे दोन्ही बहार एकाच झाडावर घेतले तर झाड खचतं, म्हणून तो पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि एकच बहार धरतो. सोडलेल्या बहारावर त्याचा राग नसतो, पण धरलेला बहार नीट यायचा तर दुसरा सोडावा लागतो हे त्यानं मान्य केलेलं असतं. यादी करणाऱ्यानंही हेच मान्य करायला हवं, आणि तिथंच बहुतेकांचा हात अडखळतो. इच्छा लिहिताना मजा येते. खोडताना वाईट वाटतं, पण यादीची खरी किंमत त्या खोडण्यात आहे.

पैशाचा आक्षेपही इथंच बघून टाकू. ज्याच्या डोक्यावर बँकेचं आणि सावकाराचं कर्ज आहे त्याला यादी कर्जमुक्त करत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर तो थट्टा करतो आहे. पण यादीतल्या सगळ्याच गोष्टींना पैसा लागतो हेही खरं नाही. भावाशी धुऱ्यावरून तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू करणं, आजीकडून तिच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेणं, पेटी शिकणं, गावातल्या बुजलेल्या विहिरीचा गाळ चार जणांना घेऊन काढणं, यांना लागतो तो वेळ आणि थोडा संकोच बाजूला ठेवायची तयारी. पैसा नाही म्हणून यादी नाही, असं म्हणताना या फुकटच्या गोष्टीही आपण त्याच खात्यात ढकलून देतो.

४. संतांच्या गावात इच्छांची यादी?

सगळ्यात जड आक्षेप हा आहे. ज्या मातीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर लोकांना जागं केलं, जिथं वासना कमी करा असं शतकानुशतकं सांगितलं गेलं, तिथं माझ्या इच्छांची यादी करायची हा उलटा प्रवास नाही का? शिवाय नशिबात असेल ते होईलच.

दुसरा भाग आधी घेऊ. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आहेत. त्यांत प्रारब्धवाद या विषयाला एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि प्रयत्नाच्या प्रभावालाही एक. सगळं दैवावर सोडण्याची सवय गावाला किती महाग पडते हे त्यांना पुरतं माहीत होतं, म्हणूनच त्यांना तो विषय टाळता आला नाही. ग्रामगीतेची अध्यायसूची वाचली तर ग्रामरक्षण, आरोग्य, गोवंश, स्त्रियांची उन्नती, लग्नकार्य, अंत्यसंस्कार, सणोत्सव, यात्रा-मेळे असा क्रम लागतो. गाव आपल्या हयातीत कसं व्हायला हवं याची ती नोंद आहे. ती 'मला काय मिळावं' याची यादी नाही, तरीही ती इच्छांचीच आहे, आणि तपशिलात उतरलेली आहे. म्हणजे अडचण यादीत नसून यादीचा कर्ता कोण धरला आहे यात आहे. 'मी' च्या जागी 'आम्ही' आलं की वासनेचा आक्षेप बराचसा गळून पडतो.

महाराजांच्या आयुष्याचा आलेखही इथं पाहण्यासारखा आहे. ३० एप्रिल १९०९ ला यावलीत जन्म, १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रमाची स्थापना, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास, १९५५ साली जपानची जागतिक परिषद, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी निधन. म्हणजे एकूण ५९ वर्षं. ग्रामगीतेतलं गाव तेवढ्या काळात कुठंच पूर्णपणे उभं राहिलं नाही. आजही राहिलेलं नाही. पण यादी लिहिलेली होती, म्हणून ती लिहिणाऱ्याबरोबर संपली नाही. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव तिच्यातलं एकेक कलम उचलत राहिल्या. यादीचा हा फायदा मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मोजलेला नाही, तरी मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. डोक्यातली इच्छा माणसाबरोबर जाते, कागदावरची दुसऱ्याच्या हाती लागू शकते. माधुरी दीक्षितच्या त्या चित्रपटाचा कथाभागही असाच आहे. अपघातात गेलेल्या तरुण मुलीचं हृदय एका गृहिणीला मिळतं आणि त्या मुलीची अपुरी यादी ती गृहिणी पुरी करायला घेते. चित्रपट म्हणून तो कसा आहे हा वेगळा विषय, पण त्याची मूळ कल्पना पक्की आहे.

गुरुकुंजाकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे तिथलं वेळापत्रक. पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना हा नेम मंडळाच्या कामाचा कणा राहिला आहे. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला पुण्यतिथीच्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराजांच्या निधनाच्या वेळेला, लाखोंचा जमाव मौन पाळून उभा राहतो. पाच वाजता अशी गोळाबेरीज नाही, ४:५८. ठरलेल्या वेळेत किती ताकद असते हे इथं दिसतं. शू आणि ग्नीझी यांच्या कूपनावर लिहिलेली मुदत जे काम करत होती, तेच काम इथं परंपरेनं केलं आहे. घरातली यादी मरते ती इच्छा कमी पडल्यामुळे नाही, ती उघडून वाचायची वेळ ठरलेली नसल्यामुळे. वर्षातून एक दिवस ठरवा, अक्षय्य तृतीया घ्या, पोळ्याचा दुसरा दिवस घ्या किंवा स्वतःचा वाढदिवस. घरातली सगळी माणसं हजर असतील असा दिवस सगळ्यांत बरा.

५. यादीत कोण नसतं

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. व्ही. जे. पेरियाकॉइल यांनी २०१८ साली अमेरिकेतल्या ३,०५६ लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९१ टक्के लोकांनी आपली यादी आहे असं सांगितलं. त्यांतल्या ७८.५ टक्के लोकांच्या यादीत प्रवास होता, जवळजवळ तितक्यांच्याच यादीत एखादं वैयक्तिक उद्दिष्ट. घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर निवांत वेळ घालवणं मात्र १६.७ टक्क्यांनीच लिहिलं होतं. त्यांना माणसं नको होती असं नाही. माणसं कायम असणारच असं आपण धरून चालतो, म्हणून ती लिहायची राहतात. आपल्याकडच्या याद्यांत आकडे वेगळे येतील, पण प्रवृत्ती वेगळी असेल असं वाटत नाही. लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की पुढचा काळ थोडा उरला आहे असं वाटू लागलं की माणूस नव्या ओळखींपेक्षा जवळच्या माणसांकडे वळतो. म्हणून यादी दोनदा लिहून पाहावी. एकदा वीस वर्षं हातात आहेत असं धरून, एकदा एकच वर्ष आहे असं धरून. दोन्हींत जे आलं ते आधी. दुसरीत जे नव्यानं आलं ते पहिलीतून कसं सुटलं, हा ज्याचा त्यानं पाहायचा प्रश्न.

पेरियाकॉइल डॉक्टर आहेत आणि त्यांचा हेतू व्यवहारी होता. रुग्णाची यादी डॉक्टरांनी विचारून घ्यावी, असं त्या सुचवतात. लेकीचं लग्न तीन महिन्यांवर असेल आणि त्या दिवशी मांडवात स्वतःच्या पायांवर उभं राहायचं ही रुग्णाची इच्छा असेल, तर उपचार केव्हा सुरू करायचा आणि कोणता निवडायचा हे बदलू शकतं. आपल्याकडे गंभीर दुखण्यात निर्णय मुलगा घेतो, जावई घेतो, आणि बापाला काय हवं होतं हे कुणालाच ठाऊक नसतं. त्याच्या हातानं लिहिलेल्या पाच ओळी घरात असल्या, तर निदान एवढं तरी कळतं.

६. यादी बिघडते कुठे

यादीचे दोष दोन. एक म्हणजे ती मिरवणं. गोलवित्झर यांच्याच २००९ सालच्या अभ्यासात, मी अमुक होणार असा इरादा दुसऱ्यांनी ऐकून घेतला की विद्यार्थ्यांची त्यासाठीची मेहनत कमी झाली. ऐकणाऱ्यानं मान डोलावली की मनाला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. म्हणून यादी स्टेटसवर टाकू नये. ज्याचा त्या कामात हात लागणार आहे त्यालाच दाखवावी. पंढरपूरचा बेत आईला आणि बहिणीला ठाऊक असला की झालं.

दुसरा दोष म्हणजे हट्ट. कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून दाखवलेलं आहे, की जी माणसं आवाक्याबाहेर गेलेलं उद्दिष्ट सोडून त्या जागी दुसरं धरू शकतात, ती जास्त समाधानी असतात. यात सोडणं आणि नवं धरणं, दोन्ही हवं. गुडघे गेल्यावर गाविलगडाची ओळ तशीच ठेवून दरवर्षी खंतावण्यापेक्षा ती खोडावी आणि तिच्याखाली नातवाला गडावर नेईल अशा कुणाचं तरी नाव लिहावं, गाडीभाड्याचे पैसे आपण द्यायचे. पेटी शिकायची राहिली असेल आणि बोटं वळत नसतील, तर गावातल्या भजनी मंडळात टाळ घेऊन बसायचा दिवस ठरवावा. खोडलेली ओळ वाचता येईल अशीच खोडावी, म्हणजे पुढच्या वर्षी वही उघडल्यावर तीच इच्छा नव्या शब्दांत पुन्हा लिहिली जात नाही.